माफीनाम्यानंतरचे रायपूर

१९०८ सालच्या नोव्हेंबरात माधवराव सप्रे नागपूरच्या तुरुंगातून सुटले ते सरकारला माफीनामा लिहून देऊन. 'हिंदी केसरी'चे हे संपादक २२ ऑगस्टला राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली पकडले गेले होते. त्याच्या आदल्याच महिन्यात मुंबईच्या हायकोर्टाने टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठोठावली होती. टिळक मंडालेला पोचले आणि त्यांचा शब्द हिंदी मुलखात नेणारा माणूस सही करून घरी आला.

ती सही कशी झाली, हे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. थोरले बंधू बाबूराव यांनी घराचा भार उचलला होता, धाकट्याच्या शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. त्यांनी गळ घातली. माफी मागितली नाहीस तर जिवाचे बरेवाईट करून घेईन, इथपर्यंत गोष्ट गेली. माधवरावांना सरकारची भीती वाटली असे कुणी म्हणत नाही. भावापुढे ते हरले. पण सरकारी कागदावर कारण उमटत नाही, सही तेवढी उमटते. काल ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांनीच आता तोंडे फिरवली, आणि त्यांचे तरी काय चुकले? वर्षभर ज्या पत्राने निर्भय व्हा म्हणून सांगितले, त्याच्याच संपादकाने कच खाल्ली होती. 'हिंदी केसरी' त्यानंतर फार काळ टिकले नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत अशा माणसाची गोष्ट सहसा इथे संपते, किंवा मग चाहते हा प्रसंग दोन ओळींत उरकून पुढे सरकतात. मला दोन्ही पटत नाही. सप्रे यांचे खरे काम या सहीनंतर सुरू झाले आणि ते रायपुरात झाले. पुढच्या पंचवीस वर्षांत या गावात देव, देश आणि नागरिक यांची जी गाठ पडली, तिचा एक धागा त्या सहीपर्यंत येऊन पोचतो.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. शिक्षण बिलासपूर आणि रायपूरला. रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे नावाच्या शिक्षकांनी या मराठी मुलाला हिंदीची गोडी लावली. छत्तीसगडात मराठी माणूस तेव्हा नवखा नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांबरोबर अठराव्या शतकात मराठी कारकून, शिलेदार, भटजी इकडे आले. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ रतनपूरला बसून कारभार पाहिला. राज्य १८५४मध्ये इंग्रजांनी खालसा केले, पण घरे राहिली. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, बुढापाऱ्यात अजूनही मराठी ऐकू येते. याच बुढापाऱ्यात १८७७ साली कलकत्त्याच्या विश्वनाथ दत्त वकिलांचे बिऱ्हाड आले होते. त्यांचा चौदा वर्षांचा नरेंद्र बैलगाडीने रान तुडवत इथवर आला आणि सुमारे दोन वर्षे राहिला. पुढे जग त्याला विवेकानंद म्हणून ओळखू लागले. लहानशा गावाच्या मानाने रायपूरला माणसे मोठी भेटली.

माधवराव कलकत्ता विद्यापीठाचे बी.ए. झाले. सरकारी नोकरीचे दार उघडे होते. त्यांनी ते लोटून घेतले आणि पेंड्राच्या जमीनदाराच्या मुलाची शिकवणी धरली. त्या पगारातून जानेवारी १९००मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. संपादक दोघे, सप्रे आणि रामराव चिंचोलकर. प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, मासिक हिंदी. आणि वर्ष कोणते, तर दुष्काळाचे. १८९६-९७च्या दुष्काळातून छत्तीसगड सावरतो न सावरतो तोच १८९९चा पाऊस दगा देऊन गेला. भाताच्या कोठारात भात नव्हता. अशा वर्षी वर्गणीदार शोधत हिंडायला छातीच लागते. मासिक तीन वर्षे तोट्यात चालले आणि १९०२च्या अखेरीस बंद पडले.

त्या तीन वर्षांतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. एप्रिल १९०१च्या अंकात माधवरावांनी 'एक टोकरी भर मिट्टी' नावाची लहानशी कथा लिहिली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांत तिची गणना होते. एका जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवायचे असते, मध्ये विधवेची झोपडी येते. वकिलांचे खिसे भरून तो झोपडी ताब्यात घेतो. म्हातारी येऊन एवढेच मागते की झोपडीतली टोपलीभर माती न्यायची आहे. नातीने अन्नपाणी सोडले आहे. त्या मातीची चूल मांडून भाकरी केली तर पोर खाईल. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच म्हणते, जरा हात लावा, टोपली डोक्यावर घ्यायची आहे. तो चिडतो, मग वाकतो. टोपली जागची हलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला विचारते की एक टोपली तुम्हाला उचलत नाही, या झोपडीत तर हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा उचलाल? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि झोपडी परत मिळते.

कथा बाळबोध वाटेल. पण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला त्याचा भार त्याच्याच हाताने जोखायला लावायचे, ही कल्पना माधवरावांच्या मनात तेव्हापासून रुजलेली होती. सात वर्षांनी तो प्रश्न त्यांच्याच अंगावर आला. सहीचा कागद हलका असतो, पण तो उचलून चालायला त्यांना उरलेला जन्म पुरला नाही.

मधल्या काळात त्यांनी नागपुरात हिंदी ग्रंथमाला काढली. १९०६मध्ये स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावर पुस्तिका लिहिली, ती पुढे सरकारने जप्त केली. १३ एप्रिल १९०७ रोजी टिळकांच्या संमतीने 'हिंदी केसरी' सुरू झाले. पुण्याच्या केसरीतले लेख हिंदीत येऊ लागले. ज्या वाचकाला मराठी येत नाही त्याला टिळक आपल्या भाषेत मिळू लागले, आणि नेमके हेच सरकारला खुपले.

माफीनंतर माधवराव वर्ध्याला गेले. तिथल्या हनुमानगढीवर श्रीधर विष्णू परांजपे नावाचे रामदासी राहत. त्यांच्यापाशी ते तेरा महिने राहिले. मधुकरी मागत, दासबोध वाचत. कालपर्यंत अग्रलेख लिहिणारा पदवीधर संपादक झोळी घेऊन दारोदार उभा राहत होता. माणसे ओळखत असणार. 'भिक्षां देहि' म्हणताना समोरच्या घरातल्या कुणाला तुरुंग आठवत असेल, कुणाला माफी. तरी रोज जायचे, रोज झोळी पसरायची.

हा संन्यास असता, पळ असता, तर पुढे सांगण्यासारखे काही उरले नसते. हरलेला पुढारी मठात जातो आणि तिथेच मोठा महाराज होतो, हे आपल्याकडे काही नवे नाही. माधवरावांना रामदासांकडून वेगळे काही मिळाले. समर्थांचा परमार्थ माणसाला संसारातून उठवत नाही, उलट नीट काम करायला बसवतो. यत्न, सावधपणा, लिहिणे-वाचणे, माणसे जोडणे, शहाणी करणे हा दासबोधाचा ध्यास आहे. माधवराव तेरा महिन्यांनी उठले आणि रायपूरला आले. पुढारीपण मागे ठेवले. त्या जागी जे हाती घेतले त्याला मी नागरिकपण म्हणेन.

रायपुरात त्यांनी रामदासी मठ स्थापला. आणि १९११च्या सुमारास मुलींची शाळा काढली, जानकीदेवी महिला पाठशाळा. रायपूरसारख्या गावात मुलींना घराबाहेर शिकायला पाठवा म्हणून पालकांच्या विनवण्या करणे हे राजद्रोहाच्या खटल्यापेक्षा सोपे नसते. इथे वाहवा मिळत नाही. सभेत टाळ्या मिळतात, मुलीच्या बापाच्या ओटीवर मिळतो तो नकार. पडलेल्या माणसाने स्वतःसाठी निवडलेले हे काम पाहून मला त्यांच्याबद्दल वाटणारा आदर दुणावतो.

दुसरे काम भाषांतराचे. आधी दासबोध हिंदीत आणला. मग टिळकांचे 'गीतारहस्य'. टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिला. मराठीत तो १९१५ साली निघाला. गीता कर्म सोडायला सांगत नाही, फळाची आस सोडून कर्म करायला सांगते, हा त्याचा गाभा. त्याचे हिंदी भाषांतर केले ते माधवरावांनी. विचार करा: ज्याने शिक्षा पत्करली त्याने तुरुंगात लिहिले, आणि ज्याच्याने ती पत्करवली नाही तो रायपूरला बसून ती हजारभर पाने ओळीओळीने दुसऱ्या भाषेत उतरवतो आहे. काशी, प्रयाग, पाटणा, जबलपूर इथल्या वाचकांना टिळकांची गीता मिळाली ती या हातातून. प्रायश्चित्त म्हणतात ते याहून वेगळे काय असते? पुढे चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा मोठा ग्रंथही त्यांनी हिंदीत नेला.

तिसरे काम माणसांचे. माखनलाल चतुर्वेदी, सेठ गोविंददास, द्वारकाप्रसाद मिश्र ही मध्य प्रांताच्या राजकारणातली आणि साहित्यातली नावे माधवरावांनी घडवली. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपुरात 'कर्मवीर' निघाले. त्यामागची धडपड माधवरावांची, संपादकाची खुर्ची मात्र माखनलालजींची. आपण मागे राहायचे आणि तरण्याला पुढे करायचे. या प्रांतात मागे राहून काम करणारा नेता तेव्हा दुर्मीळ होता, आजही आहे. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच ते वारले, चौपन्नाव्या वर्षी.

त्यांचे जोडीदार लाखे यांची वाट निराळी. वामनराव वकील होते, गावात वजन होते, सरकारने 'रायसाहेब' ही पदवीही दिली होती. १९१३मध्ये त्यांनी रायपुरात सहकारी बँक उभी केली. भाताचा शेतकरी पेरणीच्या वेळी सावकाराच्या दारात उभा राहतो आणि मळणीला त्याच्या खळ्यावरून धान्य उचलले जाते, हे चक्र मोडायचे होते. वंदे मातरम म्हणणारे पुष्कळ होते, व्याजाचा दर मोजणारे थोडे. वामनराव दोन्ही करत. १९२०मध्ये असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी पदवी परत केली. लोकांनी रायसाहेब काढून 'लोकप्रिय' ही उपाधी दिली आणि ती नावाला चिकटून राहिली.

त्याच वर्षी रायपूरच्या दक्षिणेला धमतरीजवळ कंडेल गावात जे घडले ते पुढाऱ्यांनी नीट अभ्यासावे असे आहे. महानदीच्या नव्या कालव्याचे पाणी घ्यायचे तर दहा वर्षांचा करार करा, असा सरकारचा हट्ट. शेतकऱ्यांचा हिशेब साधा होता. दहा वर्षांत जेवढा पैसा भरायचा त्यात गावचा स्वतःचा मोठा तलाव होईल. करार झाला नाही. ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, अधिकाऱ्यांनी गावावर पाणीचोरीचा ठपका ठेवला आणि मोठा दंड ठोकला. बाबू छोटेलाल श्रीवास्तव, नारायणराव मेघावाले आणि राजीमचे पंडित सुंदरलाल शर्मा यांनी गावाला एकच गोष्ट सांगितली: दंड भरायचा नाही.

सरकारने गुरे जप्त केली. जप्तीची गुरे धमतरीच्या बाजारात लिलावाला उभी केली. बाजाराचा दिवस, माणसांची गर्दी, बैल चांगले, पुकारा चालू. बोली लावायला कुणी पुढे येईना. मग गुरे दुसऱ्या बाजाराला नेली. तिथेही तेच. जनावरे चाऱ्यावाचून खंगू लागली, काही मेली. शेतकऱ्याला स्वतःचा बैल डोळ्यांदेखत असा उभा दिसणे काय असते, ते शेतकऱ्यालाच ठाऊक. पण स्वस्तात बैल मिळत असतानाही शेजारच्या गावच्या माणसाने हात खिशात घातला नाही. या सत्याग्रहाचा कणा मला तिथे दिसतो. पुढारी तिघे होते. बोली न लावणारे अनाम शेकडो. वर्ष संपण्यापूर्वी सरकारने दंड मागे घेतला.

पण आपल्या पूर्वजांचे कौतुक करताना एक अडचणीची बाजू झाकून चालणार नाही. श्रद्धा लोकांना एकत्र आणते असे आपण म्हणतो, तेव्हा देवळाच्या दारात कुणाला अडवले जाते हेही सांगायला हवे. रायपूरच्या पंचक्रोशीत हा प्रश्न जुना आहे. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सतनामाचा उपदेश केला, मूर्ती नाकारली, जातीची उतरंड नाकारली. ज्यांना देवळात घेत नव्हते त्यांनी देवळाची गरजच ठेवली नाही. छत्तीसगडातले हे पहिले मोठे बंड ना इंग्रजांनी शिकवले ना काँग्रेसने.

सुंदरलाल शर्मा ब्राह्मण घरात १८८१मध्ये जन्मले. छत्तीसगडी बोलीत 'दानलीला' लिहिणारे कवी. १९२२मध्ये जंगल सत्याग्रहाच्या निमित्ताने तुरुंगात गेले, तेव्हा त्यांनी आत हस्तलिखित अंक काढले आणि नाव दिले 'श्रीकृष्ण जन्मस्थान समाचार पत्र'. कृष्ण कारागृहात जन्मला, तेव्हा कारागृह हेच तीर्थ. तुरुंगाची भीती घालवायला इतके नेमके नाव दुसरे सापडले नसते. बाहेर आल्यावर त्यांनी सतनाम्यांसाठी आश्रम काढला, त्यांना जानवी दिली. जानव्यांचा हा मार्ग मला तितकासा पटत नाही. ज्या पंथाने जातच नाकारली त्याला वरच्या जातीचे चिन्ह देऊन वर घेणे म्हणजे उतरंड मान्य करणेच झाले. सतनाम्यांना स्वतःच्या नावाचा मान हवा होता. १९२६मध्ये सरकारदरबारी त्यांची नोंद 'सतनामी' अशी होऊ लागली, ते त्यांचे त्यांनी मिळवलेले यश होते. तरी सुंदरलालांनी मोजलेली किंमत खोटी ठरत नाही. स्वजातीने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पंगत तुटली, सोयरीक तुटली. १९२५मध्ये राजीमला, महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर, कहारांना राजीवलोचनाच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून ते त्यांच्यासह उभे राहिले. कहार पालखी वाहतो, पाणी भरतो, पण देवापुढे जाऊ शकत नाही. ज्या देशाला स्वराज्य हवे आहे त्याने आधी याचे उत्तर द्यावे, असा हा प्रश्न होता.

१९३०च्या सविनय कायदेभंगात रायपूरला पाच नेते पुढे होते. गावाने त्यांना पांडव म्हटले. वामनराव लाखे युधिष्ठिर, जैतुसाव मठाचे महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलालसिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि सेठ शिवदास डागा सहदेव. मराठी वकील, वैष्णव महंत, गिरणी कामगारांचा पुढारी, मौलाना आणि मारवाडी सेठ. महाभारतातली नावे लोकांनी आपणहून दिली, कुणी समिती नेमली नव्हती. त्यांनी मौलानांना नकुल म्हटले आणि त्यात कुणाला वावगे वाटले नाही. माणसांना धर्मग्रंथाची भाषा अशीही वापरता येते, भिंत घालायला नव्हे तर घरात घ्यायला. पुरानी बस्तीतला जैतुसाव मठ तेव्हा सत्याग्रह्यांचा अड्डा झाला होता; आरती व्हायची आणि त्याच अंगणात उद्याच्या पिकेटिंगचा बेत ठरायचा. जैन यती यतनलाल महासमुंदकडे जंगल सत्याग्रहात होते. समुद्रापासून इतक्या दूर, या गावाने मीठ केले ते रसायने एकत्र करून. अठ्ठावन्न वर्षांचे वामनराव तुरुंगात गेले. तीस वर्षांपूर्वी दुष्काळात मासिक छापणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. माधवराव तेव्हा हयात नव्हते. नागपुरातून माघारी फिरलेली ती वाट त्यांच्या मित्राने रायपुरात पुरी चालून दाखवली.

अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यात १९३३च्या नोव्हेंबरात गांधीजी रायपूरला आले. बुढापाऱ्यात पंडित रविशंकर शुक्ल यांच्या घरी उतरले. या कामात सुंदरलाल शर्मा आपल्या आधीपासून आहेत, ते आपल्याला गुरुस्थानी आहेत, असे त्यांनी जाहीरपणे मान्य केल्याचे छत्तीसगडात आजही अभिमानाने सांगतात. सभेला गर्दी लोटली, फंडाच्या झोळीत दागिने पडले. गांधीजी पुढच्या गावाला गेले आणि राजीमच्या कहाराचा प्रश्न राजीममध्येच राहिला. दागिना काढून देणारी बाई दुसऱ्या दिवशी आपल्या विहिरीवर कुणाला येऊ देईल, हे कोणताही महात्मा ठरवू शकत नाही. ते तिनेच ठरवायचे असते, आणि बहुतेक घरांनी तेव्हा नाही असेच ठरवले.

सुंदरलाल शर्मा डिसेंबर १९४०मध्ये वारले. १९४६ला मध्य प्रांत आणि वऱ्हाडात पुन्हा काँग्रेसचे सरकार आले, मुख्यमंत्री रायपूरचेच रविशंकर शुक्ल. १९४७मध्ये या प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. राजीमच्या सत्याग्रहाला तेव्हा बावीस वर्षे होऊन गेली होती. वामनराव लाखे यांनी तो कायदाही पाहिला आणि स्वातंत्र्यही, आणि ऑगस्ट १९४८मध्ये डोळे मिटले.